ठाण्याहून फास्ट पकडायची की स्लो? नव्याने राहायला आलेल्यांसाठी

घोडबंदर रोडला नाहीतर कळव्याला घर घेतलं, नोकरी मुंबईत लागली, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सल्ला देतं: "फास्ट पकड, लवकर पोचशील." सल्ला अर्धाच खरा आहे. मध्य रेल्वेवर फास्ट आणि स्लो ही गाडीच्या वेगाची नावं नाहीत. गाडी कोणत्या रुळावरून धावते आणि कोणती स्थानकं सोडून देते, याची ती नावं आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

गाड्या तशा एकच. आज सकाळी फास्ट म्हणून गेलेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, परत येताना स्लो म्हणून येऊ शकतो. डबे तेच, मोटर तीच, मोटरमनही तोच असू शकतो. दोन्हींचं तिकीटही एकच. गावाकडे पॅसेंजर आणि एक्स्प्रेसच्या भाड्यात फरक असतो, म्हणून बरेच नवे लोक खिडकीवर "फास्टचं द्या" म्हणतात. तसं काही नसतं. ठाणे ते दादर तिकीट काढलं की कुठल्याही साध्या लोकलमध्ये चढा. एसी लोकलचं तिकीट मात्र वेगळं आणि महाग. साधा पास, अगदी फर्स्ट क्लासचा असला तरी, तिथे चालत नाही.

आधी उतरायचं स्थानक ठरवा, मग गाडी

ठाणे ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या पट्ट्यात स्लो गाडी सगळीकडे थांबते: मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद आणि शेवटी सीएसएमटी. फास्टचे ठरलेले थांबे साधारणपणे घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा आणि सीएसएमटी. काही फास्ट मुलुंडला, काही भांडुपला, काही विक्रोळीलाही थांबतात, पण "काही" म्हणजे नेमक्या कुठल्या, हे वेळेनुसार बदलतं. काही फास्ट दादरपर्यंतच जातात. त्यामुळे मुलुंडला जायचं असेल तर फास्टच्या भरवशावर राहू नका.

आता हिशेब. गाडीला ब्रेक लागणार, ती वीस-तीस सेकंद उभी राहणार, मग पुन्हा वेग घेणार. एका थांब्यामागे साधारण सव्वा ते दीड मिनिट जातं. ठाणे आणि दादरच्या मध्ये स्लोचे दहा थांबे आहेत, फास्टचे दोन. आठ थांबे वाचले म्हणजे दहा-बारा मिनिटं वाचली. फास्टने ठाणे-दादर अर्ध्या तासाच्या आसपास, स्लोने चाळीस-बेचाळीस मिनिटं. सीएसएमटीपर्यंत हाच फरक पंधरा मिनिटांच्या घरात जातो. घाटकोपरपर्यंत मात्र जेमतेम पाच-सात मिनिटं. एवढ्यासाठी फास्टच्या दारात लोंबकळत जायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

म्हणून मी नव्या माणसाला असं सांगतो. दादर, भायखळा किंवा सीएसएमटीला उतरायचं असेल तर फास्ट. कांजूरमार्ग, नाहूर, विद्याविहार, माटुंगा यांपैकी काही असेल तर स्लो, त्याला पर्यायच नाही. पवईत किंवा आयआयटीत काम असलेले बहुतेक जण कांजूरमार्गला उतरतात, म्हणजे त्यांची स्लोच. अंधेरी किंवा सीप्झला जाणारे घाटकोपरला उतरून मेट्रो धरतात. ती वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून सकाळी घाटकोपरला जी गर्दी उतरते, ती वेगळीच. ठाण्याहून तिथे स्लोने जाणं मला शहाणपणाचं वाटतं. बीकेसीवाल्यांना, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांना, कुर्ला, म्हणजे दोन्ही गाड्या चालतात.

अडचण येते ती परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि सायनवाल्यांना. कागदावर उत्तर सोपं आहे: फास्टने दादरला जा, तिथे स्लो बदला. सायनसाठी कुर्ल्याला बदला. प्रत्यक्षात दादरचा जिना चढा, गर्दीतून पुलावरून दुसऱ्या फलाटावर या, मग स्लोची वाट बघा. वाचलेली दहा मिनिटं तिथेच खर्च होतात. परळ, करी रोडला जाणाऱ्याने ठाण्यातच स्लोमध्ये बसून घ्यावं, निदान पहिले काही महिने. सायनचं तेच. मस्जिदला जायचं असेल तर थेट सीएसएमटीपर्यंत फास्टने जाऊन चालत मागे यायची चाल पुष्कळ जण वापरतात. सामान नसेल तर ती बरी पडते.

कल्याणच्या दिशेला

उलट बाजूला, म्हणजे डाउनला, स्लो गाडी कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी थांबत जाते. फास्ट ठाणे सोडली की डोंबिवली आणि कल्याण. बऱ्याच दिव्यालाही थांबतात. कळवा, मुंब्र्याला गर्दीच्या वेळच्या मोजक्या एक-दोन फास्ट सोडल्या तर थांबत नाहीत. हा सापळा नव्या माणसासाठी सर्वांत मोठा आहे. कळवा हे पुढचंच स्थानक, खाडी ओलांडली की आलंच, म्हणून समोर दिसेल त्या गाडीत लोक चढतात आणि थेट डोंबिवलीला उतरतात.

जुन्या प्रवाशांकडून "फास्ट बोगद्यातून जाते, कळवा-मुंब्रा तिला लागतच नाही" असं ऐकाल. १९१६ मधला पारसिकचा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे आणि फास्ट लोकल अनेक दशकं त्यातून जायच्या. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाल्यानंतर फास्ट लोकल मुंब्र्यावरून वळवल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. त्यामुळे आता फास्टमधून मुंब्रा स्टेशन डोळ्यांना दिसतं, गाडी थांबत मात्र नाही. त्याच मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी सकाळी गच्च भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण गर्दीच्या फास्टमध्ये दारात जागा मिळाली म्हणून खूश होणाऱ्याला ती माहीत असावी.

कल्याणच्या पुढे फास्ट-स्लोचा भेदच संपतो. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे, आणि दोन्हींवर लोकल सगळीकडे थांबते. म्हणजे "कर्जत फास्ट" ही गाडी कल्याणपर्यंतच फास्ट. अंबरनाथ-बदलापूरला कामाला जाणाऱ्या ठाणेकराने एवढंच बघावं की गाडी कर्जतच्या फाट्यावरची आहे. सकाळी तिकडे जाणारी गर्दीही कमी, तेव्हा ऐटीत बसून जा.

ठाणे स्टेशनात कुठे उभं राहायचं

पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या बसच्या उंच पुलावरून किंवा खालून आलात तर तुम्ही १ नंबरच्या बाजूला असता. १ ते ४ हा सगळा स्लोचा कारभार. ५ आणि ६ फास्टचे: ५ वर कल्याणकडे जाणाऱ्या, ६ वर सीएसएमटीकडे जाणाऱ्या. हे दोन्ही एकाच फलाटाच्या दोन बाजूंना आहेत, हे विसरू नका. गर्दीत एका बाजूला ढकलले गेलात की डोंबिवली, दुसऱ्या बाजूला गेलात की दादर. हा फलाट इतका अरुंद होता की मे-जून २०२४ मध्ये तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेऊन तो रुंद करावा लागला. ७ आणि ८ मेल-एक्स्प्रेससाठी, आणि ९, १०, १० ए हे ट्रान्स-हार्बरचे, म्हणजे ऐरोली-वाशी-पनवेलकडचे. कोपरीतून पूर्वेच्या बाजूने येणाऱ्यांना हे शेवटचे जवळ पडतात.

स्लो नेमकी १ ते ४ पैकी कुठल्या फलाटावर लागणार, हे पाठ करू नका. ठाण्याहूनच सुटणाऱ्या गाड्या, परळपर्यंतच जाणाऱ्या गाड्या, मधूनच होणारे बदल, असं बरंच चालतं. पुलावर थांबून इंडिकेटर बघायचा आणि मगच जिना उतरायचा. उतरल्यावर कळलं की गाडी पलीकडे आहे, तर पुन्हा वर चढून येईपर्यंत ती गेलेली असते.

इंडिकेटर आणि घोषणा

इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्थानक, वेळ, डब्यांची संख्या आणि फास्ट की स्लो याचं अक्षर असतं. इंग्रजीत एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. मराठीत घोषणा येते ती "जलद लोकल" किंवा "धीमी लोकल" अशी. मधूनच "अर्धजलद" हा शब्दही ऐकू येतो. ती अर्ध्या रस्त्यात फास्ट आणि उरलेल्या रस्त्यात स्लो असते, म्हणून तिचे थांबे घोषणेत नीट ऐकून घ्या.

एक खोच लक्षात ठेवा. लोकलच्या स्थानकांना अक्षरं दिलेली आहेत: के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, ए म्हणजे अंबरनाथ, बीएल म्हणजे बदलापूर, टीएल म्हणजे टिटवाळा, एन म्हणजे कसारा. आणि एस म्हणजे कर्जत. म्हणजे गाडीच्या कपाळावर एस आणि एफ दोन्ही दिसलं तर ती "स्लो-फास्ट" नसते, ती कर्जत फास्ट असते. पहिलं अक्षर कुठे जाणार ते सांगतं, दुसरं कशी जाणार ते.

शंका असेल तर विचारा. "दादा, घाटकोपरला थांबेल ना?" एवढं पुरे. गाडी सुटायच्या आत फलाटावरचे तीन जण एकदम उत्तर देतात, त्यातले दोघे सारखंच सांगतात, त्यांचं ऐका. "ही फास्ट आहे का?" असं मात्र विचारू नका. उत्तर "हो" आलं तरी तुमच्या स्थानकाचं काय, हे त्यातून कळत नाही.

गर्दी: फास्टची आणि स्लोची

सकाळी साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ ही खरी परीक्षा. सकाळी ठाण्यात येणारी फास्ट कल्याण, बदलापूर, टिटवाळा, आसनगावहून भरून येते. बसायला जागा मिळेल ही आशा सोडा, चढायला मिळालं तरी नशीब. बायकांच्या डब्यातही तीच गत, तिथे उलट जागा कमी. ठाण्याहूनच सुटणारी स्लो मात्र रिकामी लागते. पाच-सात मिनिटं आधी जाऊन उभं राहिलं तर खिडकीही मिळू शकते, नाहीतर तिघांच्या बाकावर चौथी सीट तर नक्की. फलाटावर एका ठिकाणी रोज तेच चेहरे उभे दिसतात, त्यांच्या मागे उभे राहा. दार कुठे येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट, लांबच्या प्रवाशांचा राग. संध्याकाळी दादरहून कर्जत किंवा कसारा फास्टमध्ये चढून ठाण्याला उतरू लागलात, तर आतले लोक बोलतात. "ठाण्यासाठी ठाणे लोकल आहे ना, इथे कशाला?" त्यांची बाजू मला पटते. बदलापूरच्या माणसाला दुसऱ्या गाडीची बरीच वाट बघावी लागते, तुम्हाला ती पाच मिनिटांत मिळते. कायद्याने तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, पण दारातून वाट करून बाहेर पडणं त्या रागातून होत नाही. कल्याण किंवा डोंबिवली फास्ट पकडा. मुलुंड गेलं की "ठाणे, ठाणे" म्हणत पुढे सरकायला लागा, आणि समोरच्याला विचारा, "ठाण्याला उतरणार का?" तो नाही म्हणाला की जागा बदलून घ्या. हे सरकणं दोन-चार मिनिटं आधी सुरू झालं पाहिजे, गाडी थांबल्यावर नाही.

सीएसएमटीहून परतताना १ आणि २ हार्बरचे फलाट, ३ ते ७ मेन लाइनचे. दादरला डिसेंबर २०२३ पासून क्रमांक बदललेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, आणि पुढे आपले मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुने ठाणेकर अजूनही दादरचे जुने नंबर सांगतात, ते ऐकून चुकू नका.

लहान मूल, म्हातारी माणसं, मोठी बॅग, पहिल्यांदाच आलेले गावाकडचे पाहुणे, यांपैकी काही बरोबर असेल तर वेळ कुठलीही असो, स्लो. सकाळी अकरा ते दुपारी चार फास्टही निवांत मिळते, पण फास्टला दाराशी येऊन तयार राहावं लागतं, कारण थांबा चुकला की पुढचा लांब असतो.

चुकीच्या गाडीत चढलात तर

घाबरू नका, साखळी ओढू नका आणि चालत्या गाडीतून उतरण्याचा विचारही नको. फास्ट तुमच्या स्थानकातून सुसाट निघून जाईल, पुढच्या थांब्याला उतरा, पुलावरून उलट दिशेच्या स्लोच्या फलाटावर जा. मुलुंडला जायचं होतं आणि घाटकोपरला आलात, तर परतीची स्लो लगेच मिळते. कळवा चुकून डोंबिवली झालं तर थोडा जास्त वेळ जातो, इतकंच.

फक्त तिकिटाचं बघा. ठाणे-मुलुंड तिकिटावर घाटकोपरला सापडलात तर नियमाने तुम्ही विनातिकीट, आणि दंड भाड्याशिवाय किमान २५० रुपये. पहिले काही दिवस जरा पुढच्या स्थानकाचं तिकीट काढलेलं बरं, चार-पाच रुपयांनी काही बिघडत नाही.

फास्ट मागे राहते तेव्हा

नव्या लोकांना न पटणारी गोष्ट: स्लो कधीकधी फास्टच्या आधी पोचते. कुर्ला ते सीएसएमटी या भागात मेल-एक्स्प्रेससाठी वेगळे रूळ नाहीत, त्या फास्टच्याच रुळावरून जातात. एखादी लांबची गाडी उशिरा आली की तिच्या मागे फास्टची रांग लागते, आणि बाजूच्या रुळावरून स्लो एकेक स्थानक घेत पुढे निघून जाते. कुर्ल्याजवळ पाच मिनिटं खोळंबलात तर एवढ्यासाठी गाडी बदलू नका. बदलायला जाल आणि फास्ट सुटेल, असंच बहुधा होतं.

रविवारी तर सगळंच उलटं. देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते चारच्या दरम्यान. बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड किंवा ठाण्यादरम्यान. फास्टचे रूळ बंद असतील तर फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून जातात आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचतात, ठाण्यातही त्या वेगळ्या फलाटावर लागू शकतात. स्लोचे रूळ बंद असतील तर स्लो गाड्या फास्टच्या रुळावर येतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर यांसारखी स्थानकं वगळली जातात. शुक्रवार-शनिवारी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलच्या एम-इंडिकेटर ॲपवर तपशील येतो, तो बघून निघा. नवी नोकरी सोमवारपासून असेल आणि रस्ता बघून यायचा असेल, तर सराव शनिवारी दुपारी करा, रविवारी नको.

ऐरोली, घणसोली, वाशीवाल्यांसाठी

ट्रान्स-हार्बरवर हा सगळा प्रश्नच नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर प्रत्येक लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते, दिघा गाव धरून, जे जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. इथे बघायचं ते शेवटचं स्थानक. तुर्भ्यापर्यंत सगळ्या गाड्या एकाच रस्त्याने जातात. पुढे वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरुळ-पनवेलची जुईनगरकडे. म्हणून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे किंवा तुर्भ्याला कामाला जाणाऱ्याने वाशी, नेरुळ, पनवेल जी पहिली लागेल तिच्यात चढावं. ती ९, १० की १० ए वर लागतेय, तेवढं पुलावरच्या इंडिकेटरवर बघून जिना उतरा.